पणजोबा फेरफारात सापडतात

प्रश्न : आमचं मूळ गाव जुन्नर तालुक्यात. आजोबा गिरणीत लागले आणि मुंबईचेच झाले. गावच्या सातबाऱ्यावर आता सगळी चुलत्यांचीच नावं आहेत, आमच्या आजोबांचं नावच नाही. पणजोबांच्या मागची वंशावळ काढायची तर सुरुवात कुठून करू? जमीन मागायची नाहीये हे आधीच सांगतो, नाहीतर गावात कुणी फोन उचलणार नाही.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : फोनचं अगदी खरंय, जुने कागद म्हटलं की भावकी आधी वकील गाठते.

आजोबांचं नाव नाही म्हणून लगेच कुणी कापलं असं समजू नका. सरकारला तुमच्या खानदानात काडीचा इंटरेस्ट नव्हता, सारा कोण भरणार एवढंच हवं होतं, त्यामुळे एकत्र कुटुंबात थोरल्या भावाचं नाव लावायचे, पुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असं लिहायचे आणि विषय संपला. धाकटा मुंबईला गेला की तो कागदावरून गायबच. म्हणून शोध आजोबांचा नाही, त्यांच्या थोरल्या भावाचा घ्या.

आता सातबारा हातात घ्या. नावाजवळ वर्तुळात आकडे दिसतील, ते फेरफार नंबर, फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद. कंसातलं नाव म्हणजे ते कमी झालंय, पण आपल्याला तेच हवंय. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करून त्या नंबरचा फेरफार काढा, त्यात आधीच्या माणसाचं नाव मिळेल, मग त्याच्या नावावरचा फेरफार, असं एकेक पायरी मागे मागे जायचं. सातबाऱ्याच्या आधीचा कागद म्हणजे कडई पत्रक, त्याच्याही आधीची हक्कनोंद, म्हणजे जमिनीवर कुणाचा हक्क त्याची नोंदवही. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३चा, पण गावोगावी ते काम पुढची बरीच वर्षं चाललं, त्यामुळे तुमच्या गावचं पहिलं रजिस्टर कुठल्या सालचं ते रेकॉर्ड कीपरलाच विचारा.

वारसाच्या फेरफाराची एक ओळ कशी वाचायची बघा. समजा १९२४ सालचा फेरफार आहे आणि लिहिलंय, 'तुकाराम बिन राणू मयत, वारस मुलगे धोंडू व गेनू, पैकी गेनू वय ९, अ.पा.क. आई भागू कोम तुकाराम.' बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. एका ओळीत तीन पिढ्या, पणजीचं नाव, आणि गेनू साधारण १९१५चा हेही कळलं! आडनाव नाही म्हणून सोडून देऊ नका, जुन्या नोंदीत बऱ्याचदा ते नसतंच. मुली मात्र या कागदांत जवळपास नाहीतच, १९५६च्या वारसा कायद्यानंतर त्या दिसायला लागतात, आत्या आणि पणजीच्या माहेरासाठी म्हाताऱ्या माणसांनाच विचारावं लागतं.

बरेच जण अडकतात ते गट नंबरापाशी. एकत्रीकरण योजनेत, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र केले तेव्हा, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे आजचा गट नंबर घेऊन १९३०चं रजिस्टर उघडलं तर भलत्याच माणसाचं खानदान हाताला लागतं (आणि लोक ते मनोभावे फ्रेम करून लावतातही). जुन्या-नव्या नंबरांचा मेळ तालुक्याच्या भूमी अभिलेख ऑफिसात मिळतो, तो आधी काढा. काही जिल्ह्यांचे जुने कागद स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' पोर्टलवर आलेत, डोंबिवलीतून तेवढं तरी घरबसल्या चेक करा.

प्रश्न : गाव बीड जिल्ह्यातलं. तहसीलवाले म्हणतात १९५४च्या मागे काही नाही. खरं का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : तुमच्या तहसिलात नसेल, पण म्हणजे कुठेच नाही असं नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात, तिथे मुंबई इलाख्याचे कायदेच लागू नव्हते, त्यामुळे हक्कनोंद मागत बसू नका. १९५४-५५चं खासरा पत्रक, म्हणजे तिकडची जमिनीची नोंद, हा तुमचा पाया. त्याच्या आधीचं सेतवार, म्हणजे सर्व्हे नंबरवार जमिनीचं रजिस्टर, आणि इनाम असेल तर मुंतखब, म्हणजे इनामाचा हुकूम. ते कागद उर्दूत किंवा मोडीत, वाचणारा माणूस आधी बघून ठेवा. बाकी छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार आणि थेट हैदराबाद. न्यायमूर्ती शिंदे समिती २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधायला निघाली तेव्हा तीही हैदराबादपर्यंत गेली होती. फसली सन (महसुली कागदांतलं वर्ष) दिसला की ५९० मिळवा, इसवी सन येतो, वर्षभर मागेपुढे धरायचं.

प्रश्न : पेशवाईपर्यंत मागे जायचंय. मोडी शिकावीच लागेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : शिकलात तर उत्तम, अक्षर ओळखायला फार वेळ लागत नाही, एखाद्या घाईतल्या कारकुनाचं अक्षर लागायला मात्र लागतो. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, पण तिथे 'आमचं घराणं' असं मागून काही मिळत नाही, प्रांत, परगणा, गाव आणि अंदाजे सन घेऊन जा. सन अरबी शब्दांत असतो. 'सीत खमसैन मया व अलफ' म्हणजे सहा, पन्नास, शंभर, हजार, एकूण ११५६, त्यात ५९९ मिळवा, १७५५ आलं. आणि अपेक्षा जरा बेताच्याच ठेवा, पाटील, कुलकर्णी, देशमुख, इनामदार यांची नावं भरपूर मिळतात, साध्या रयतेची कमी. कुलकर्ण्यांची दफ्तरं बऱ्याचदा त्यांच्या घरीच राहिली, गावातल्या जुन्या वाड्यात एकदा चहाला जाऊन या.

प्रश्न : आमच्या घराण्याकडे जमीनच नव्हती. मग आमच्यासाठी काहीच नाही का?
— एक वाचक, नागपूर (मूळ गाव अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : आहे की. पहिलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. त्यात गावातले जन्म-मृत्यू असतात, जमीन असो नसो, आणि जातही लिहिलेली असते. दुसरं, महार वतन किंवा बलुत्याचं इनाम, म्हणजे गावच्या कामाबद्दल मिळालेली जमीन, असेल तर इनामाच्या रजिस्टरात नावं मिळतील. ही कनिष्ठ वतनं १९५८च्या कायद्याने गेली, तेव्हा जमिनी पुन्हा वतनदारांना देण्याची प्रकरणं झाली, त्यात हिस्सेदारांची नावं येतात. तिसरं, दुसऱ्याची जमीन कसत असाल, म्हणजे कुळ असाल, तर सातबाऱ्याच्या खालच्या भागात कसणाऱ्याचं नाव आणि कुळ रजिस्टर बघा. १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनानंतर, म्हणजे कुळं जमिनीची मालक मानली गेली त्या दिवसानंतर, कुळ कायद्याच्या कलम ३२ ग खाली जमिनीची किंमत ठरवायच्या केसेस चालल्या, त्यांत कुळांचे जबाब आहेत, कधीपासून कसतोय, बाप कसत होता का, असं सगळं. सारा भरणाऱ्या खातेदाराच्या फेरफारात एवढी माहिती नसते. तहसिलात नुसता फेरफार मागू नका, ३२ ग ची पूर्ण फाईल मागा.