फेरीबोटीच्या पलीकडची वाट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून माझे वय ६१ आहे. मुलगा ऑस्ट्रियात नोकरीला आहे. गेल्या वर्षी आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असता त्याने आम्हाला डॅन्यूब नदीकाठच्या सायकलवाटेने तीन दिवस फिरवून आणले. ना चढ, ना गाड्यांचा त्रास. परत आल्यापासून सौभाग्यवतींचा एकच धोशा आहे, की एवढ्या नद्यांच्या गोव्यात असे काही का नसावे? फोंड्याच्या रस्त्यावर सायकल काढण्याचे धाडस आता होत नाही. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण ज्या वाटेने गेलात तिचा पासाऊ ते व्हिएन्ना हा सुमारे ३२० किलोमीटरचा टप्पा बऱ्याच ठिकाणी जुन्या ओढवाटेवरून जातो. प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावा पूर्वी काठावरून घोडे ओढून नेत असत आणि त्यांच्यासाठी पाण्यालगत रस्ता राखलेला असे. घोडे गेले, सपाट रस्ता मात्र मागे राहिला आणि तो सायकलींच्या कामी आला. मांडवी किंवा जुवारीच्या काठी अशी ओढवाट नाही, कारण इथल्या नावा भरतीबरोबर वर आणि ओहोटीबरोबर खाली जात. म्हणून नदीकाठाने सलग जाणारी, पाट्या लावलेली सायकलवाट आपल्याला इथे मिळणार नाही. मात्र वाहनांपासून सुटका हवी असेल तर तिचे एक वेगळे कारण मांडवीच्या पात्रातच आहे, आणि ते म्हणजे पुलाचा अभाव.

दिवाडी बेटावर जायला आजही पूल नाही. जुन्या गोव्याहून, रायबंदरहून आणि डिचोली तालुक्यातील नार्वे येथून फेरीबोटीनेच तिथे जाता येते. फेरीबोट किती गाड्या आत सोडायच्या ते आपोआप ठरवते, आणि ज्याला फक्त घाईने पलीकडे जायचे आहे असा वाहनचालक त्या वाटेला फिरकतच नाही. चोडणला रायबंदरहून फेरी आहे, परंतु मयेच्या बाजूने ते बेट पुलाने जोडलेले असल्यामुळे तिथल्या मुख्य रस्त्यावर वर्दळ अधिक असते. या दोन बेटांतील फरक तासाभराच्या सायकलफेरीत कानांना कळतो.

दिवाडीवरच्या गाड्या घोळक्याने येतात, हे लक्षात ठेवले की निम्मे काम झाले. बोट धक्क्याला लागली की मोटारी आणि दुचाक्या एकदम सुटतात. आपण उभयतांनी त्यांच्याबरोबर मुळीच निघू नये. धक्क्यावर पाच मिनिटे थांबावे, पाणी प्यावे, गाड्या पुढे जाऊ द्याव्यात. पुढची बोट येईपर्यंत दोन्ही बाजूंना भातशेती असलेला तो रस्ता जवळजवळ आपलाच असतो. सकाळी लवकर गेलात तर टोपली बांधलेली सायकल घेऊन भोंपू वाजवत जाणारा पोदेर, म्हणजे पाववाला, भेटेल. त्याच्याकडून गरम उंडे, म्हणजे गोल पाव, घ्यावेत, आणि तो कोणत्या वाटेने जातो तेही पाहून ठेवावे, कारण रोज ओझे घेऊन सायकल चालवणारा माणूस विनाकारण चढ चढत नाही.

दिशेचा विचार वाऱ्यावरून करावा. डॅन्यूबवर बहुतेक लोक पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, कारण उतारही तिकडेच असतो आणि वाराही बहुधा पाठीशी असतो. आपल्याकडे उतार नाही, पण हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो आणि तो पश्चिमेच्या बाजूने येतो. म्हणून सकाळी रायबंदरहून चोडणला जावे. धक्क्याजवळच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात सायकल बाहेर ठेवून कांदळवनातील पायवाटेने फिरावे. १९८८ साली घोषित झालेले हे अभयारण्य अवघे १.७८ चौरस किलोमीटरचे आहे, त्यामुळे त्याला फार वेळ लागत नाही. मग रायबंदरला परतून दुसऱ्या बोटीने दिवाडी गाठावी आणि वारा पाठीशी घेऊन, मधल्या टेकडीच्या पायथ्याने, सावकाश पूर्वेकडे सरकावे. पिएदादचे चर्च टेकडीवर आहे. तो चढ छोटा असला तरी छाती भरून येते, तेव्हा तिथे उतरून सायकल ढकलण्यात कमीपणा मानू नये. संध्याकाळच्या आत जुन्या गोव्याच्या बोटीत बसावे. ती धक्क्याला लागली की समोरच व्हाईसरॉयची कमान येते.

दुसरा दिवस हाताशी असेल तर दिवाडीच्या नारवा भागातून बोटीने पलीकडच्या नार्व्याला जाऊन श्रीसप्तकोटेश्वराचे दर्शन घ्यावे. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत मूळचे दिवाडीवरचे. सोळाव्या शतकात तिथले देवालय पाडले गेल्यावर भाविकांनी लिंग नदीपलीकडे नेले आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. देवाने ज्या पाण्यावरून स्थलांतर केले तेच पाणी आपण सायकलीसह ओलांडतो, याचे मला दर वेळी नवल वाटते. नार्व्यापुढे मात्र चढउतार आणि वाहने सुरू होतात, तेव्हा दर्शन घेऊन त्याच बोटीने मागे फिरावे.

डॅन्यूबची सर येईल काय? लांबीच्या बाबतीत नाही. पण तिकडेही श्ल्योगेनच्या वळणापाशी सायकली नावेत घालूनच पलीकडे नेतात, हे आपल्याला आठवत असेल.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी नोव्हेंबरमध्ये सायकलने चोडणला गेलो होतो. नदीकाठचा बांध सपाट आणि मोकळा दिसला म्हणून त्यावरून निघालो, तर एका वयस्क शेतकऱ्याने आम्हाला अडवले आणि परत पाठवले. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, पण आम्ही कोणाच्याही पिकात शिरलो नव्हतो. बांधावरून सायकल नेणे एवढे चुकीचे आहे काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : त्यांचे बरोबर होते, आणि आपण उल्लेख केलेला आदल्या दिवशीचा पाऊस हेच त्याचे कारण आहे.

खाजन जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली असते. खारे पाणी आणि भात यांच्यामध्ये माती, जांभा दगड आणि पेंढा यांनी रचलेला बांध एवढीच काय ती आडकाठी. या बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारी झडप, बसवलेली असते. तिची लाकडी दारे भरतीचे पाणी चढू लागले की त्याच पाण्याच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी साचून रेटा देऊ लागले की उघडतात. नदी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, तेवढ्या वेळा हे काम होत राहते. ओल्या बांधावरून सायकल गेली की चाकाची लांब खोबण पडते. पुढच्या पावसाचे पाणी त्या खोबणीतूनच वाहते आणि माती आपल्याबरोबर घेऊन जाते. खेकड्यांनी आधीच पोखरलेल्या ठिकाणी असे झाले तर बांध फुटायला वेळ लागत नाही, आणि एकदा खारे पाणी शेतात शिरले की नुकसान त्या हंगामापुरते राहत नाही, कारण मीठ जमिनीतून धुऊन जाईपर्यंत तिथे पीक नीट येत नाही.

आपला खरा प्रश्न बांध कोणाचा, असा आहे. पूर्वी गावकरी, म्हणजे पोर्तुगीज काळातील कोमुनिदाद, बांधाची निगा राखत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. बांध रस्ता म्हणून कोणीही बांधलेला नाही. आपण त्यावरून जातो ते त्यांच्या मर्जीने. डिसेंबरनंतर माती कडक वाळलेली असताना, समोर दिसेल त्याला विचारून गेल्यास सहसा कोणी नाही म्हणत नाही, उलट पुढे वाट कुठे तुटली आहे तेही सांगतात. मानशीपाशी मात्र उतरून चालावे. एकदा मी तेवढा शहाणपणा दाखवला नाही आणि सायकलीसकट मानशीच्या आतल्या पोंयीत, म्हणजे पाण्याच्या डोहात, उतरलो. मासे धरायला बसलेल्या मुलांनी आधी पोटभर हसून घेतले आणि मग मला बाहेर काढले.

प्रश्न : आम्ही सासष्टीतले. प्रत्येक वेळी दिवाडी-चोडणसाठी तिसवाडी तालुका कशाला गाठायचा? दक्षिणेत काहीच नाही काय?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : कुडतरी आहे. तळी, भातशेती आणि त्यांमधून जाणारे सपाट रस्ते यांच्या बाबतीत ते गाव कोणाला हार जाणार नाही. फक्त तिथे फेरीबोटीची चाळण नाही, म्हणून वेळेची चाळण आपणच लावावी लागते. उजाडता निघावे. रविवारी चर्चमधील मिसा, म्हणजे प्रार्थना, सुटण्याची वेळ टाळावी.

प्रश्न : ऑगस्टमध्ये हिरवीगार शेते पाहत दोन दिवस सायकल चालवावी असा विचार आहे. रेल्वेने सायकल आणता येईल काय?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून सामानाच्या डब्यातून आणता येते. जुन्या गोव्याला जवळचे स्थानक करमळी असले तरी मडगावपर्यंत नोंदवणे अधिक सुरक्षित, कारण लहान स्थानकावर गाडी थोडाच वेळ थांबते आणि तेवढ्यात सामान उतरेलच असे नाही. घडीची सायकल पिशवीत घालून जवळ ठेवता आली तर हा प्रश्नच उरत नाही.

ऑगस्टविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. सोरोदचे, म्हणजे पावसाळी, भात त्या वेळी खरोखरच डोळे निववणारे असते, पण बांध तर सोडाच, शेतांमधल्या कच्च्या वाटाही तेव्हा वर्ज्य समजाव्यात आणि डांबरी रस्त्यावरच राहावे. शिवाय ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरा असतो. गावांच्या हद्दींवरून पूर्वी होणाऱ्या भांडणांची आणि हद्दीवर रोवलेल्या निशाणांची आठवण म्हणून चालत आलेला हा उत्सव पाहण्यासारखा आहे, परंतु त्या दिवशी सारा गोवा त्याच बोटींत चढू पाहतो. उत्सवाला यावे, सायकल घरी ठेवून. निवांत सायकल चालवायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत. वायंगणची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताची, हिरवळ तेव्हाही पाहायला मिळते.

प्रश्न : यासाठी महागडी सायकल घ्यावी लागेल काय? माझ्याकडे मुलाची जुनी, गिअर नसलेली सायकल आहे.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : बेटांवर तीच पुरे. शक्य असेल तर ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचे टायर बसवून घ्यावेत आणि हवा अगदी टणक भरू नये, म्हणजे खडबडीत वाटेवर हाडे खिळखिळी होत नाहीत. जवळ एक जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचे सामान असू द्यावे, कारण पाण्यालगतच्या वाटांवर शिंपल्यांचे तुकडे पडलेले असतात आणि ते काचेसारखे कापतात.

खारी हवा आणि खारा चिखल यांची काळजी मात्र सायकल कितीही जुनी असली तरी घ्यावी लागते. घरी आल्यावर, त्याच दिवशी, गोड्या पाण्याने सायकल धुवावी, साखळी फडक्याने कोरडी करावी आणि मग प्रत्येक कडीला थेंबथेंब तेल द्यावे. पुष्कळ जण न धुताच तेल ओततात; मग मीठ तेलाखाली अडकून राहते आणि आठवड्यात साखळी लाल होते. घरातले खोबरेल लावण्याचा मोह टाळावा, डिसेंबरच्या पहाटे ते थिजते आणि त्यावर धूळ बसते.