गाड्या बंद, मग आईला न्यायचं कसं?

प्रश्न : आमच्या शहरात महिन्यातून एक दिवस खासगी गाड्या बंद ठेवण्याचा प्रस्ताव आहे. कल्पना पटते, पण आईला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. शेजारचे दुकानदारही धास्तावले आहेत. एका दिवसानं खरंच काही साधतं का?

उत्तर : आधी आईंचं बोलू. डायलिसिस पुढे ढकलता येत नाही. ‘रुग्णांना सूट आहे’ एवढ्यावर गप्प बसू नका. पास कोण देणार, गाडी दारापर्यंत जाणार का, बॅरिकेडवरच्या पोलिसाला तशी सूचना असेल का, हे लेखी मागा. उपचारानंतर माणूस पार गळून जातो. त्याला दोन चौक अलीकडे उतरवणं अमानुष आहे. माझी सगळी नोकरी वाहतूक सिग्नलच्या यंत्रणेत गेली. उत्तम आदेश बॅरिकेडपाशी पोहोचतच नाहीत, हे मी पाहिलंय.

हवेबद्दल सांगायचं तर, पॅरिसमध्ये २७ सप्टेंबर २०१५ रोजी असा दिवस पाळला, तेव्हा काही भागांत नायट्रोजन डायऑक्साइड ४० टक्क्यांपर्यंत घटला. हा वायू बराचसा गाड्यांच्या धुरातूनच येतो, म्हणून लगेच उतरतो. सूक्ष्म धूलिकण मात्र बांधकामातून, जाळण्यातून, लांबूनही येतात. ते तेवढे हटत नाहीत. शिवाय दुसऱ्या दिवशी गाड्या परत रस्त्यावर येतातच. त्यामुळे प्रदूषणावरचा उपाय म्हणून कुणी हा दिवस गळी उतरवत असेल, तर मला ते मान्य नाही.

तरीही मी या दिवसाच्या बाजूनं आहे, पण तो कामाचा वार असेल तर. कोलंबियाची राजधानी बोगोटात १९७४ पासून सायकली आणि चालणाऱ्यांसाठी रविवारी रस्ते मोकळे ठेवतात. ते छानच आहे, पण रविवारी कुणाला कचेरी गाठायची नसते. तिथले तेव्हाचे महापौर एनरिके पेन्यालोसा यांनी २४ फेब्रुवारी २००० रोजी, गुरुवारी, खासगी गाड्या बंद ठेवल्या. बस कुठे कमी पडते, फूटपाथ कुठे तुटतो, हे अशाच दिवशी उघडं पडतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्या मतदारांनी दरवर्षी असा दिवस पाळायला कौल दिला.

दुकानदारांची भीती खोटी नाही. पायी येणारं गिऱ्हाईक वाढलं, तरी सिमेंटची गोणी कुणी खांद्यावर नेत नाही. माल उतरवायला पहाटेची वेळ मोकळी हवी.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. बंद भागातली वाहतूक हद्दीवरच्या रस्त्यांवर लोटते. तिथल्या सिग्नलच्या वेळा त्या दिवसापुरत्या बदलल्या नाहीत, तर तिथल्या रहिवाशांना दिवसभर हॉर्न आणि धूर सोसावा लागतो.

प्रस्तावावर हरकती मागवतील, तेव्हा जादा बस किती, कोणत्या मार्गावर आणि किती मिनिटांनी, एवढं विचारा. वेळापत्रक छापून हातात आलं, तर बिनधास्त पाठिंबा द्या. नुसतंच आश्वासन मिळालं, तर वेळापत्रक येईपर्यंत दिवस पुढे ढकलायला सांगा.