‘आयोगा’च्या लेटरहेडवर समन्स पाठवलं, आता पोलिसांची नोटीस आली आहे

प्रश्न : मी 63 वर्षांचा निवृत्त शिक्षक, नागपुरात नंदनवनला राहतो. गेल्या वर्षी एका स्वयंसेवी ‘शहर मानवाधिकार आयोगा’चा सदस्य झालो. ‘सरकारमान्य’ आहे असं सांगून 3,500 रुपये घेतले, ओळखपत्र दिलं. त्यावर अशोकस्तंभ आहे. तीन आठवड्यांपूर्वी ओळखीच्या एका संत्रेवालीची हातगाडी, वजनकाटा आणि माल अतिक्रमणविरोधी पथकाने उचलून नेला, यादीसुद्धा दिली नाही. ती म्हणाली, ‘सर, तुमच्याजवळ त कार्ड आहे ना जी, काहीतरी करा.’ मी अधिकाऱ्याला लेटरहेडवर ‘समन्स’ पाठवलं : सात दिवसांत कागदपत्रांसह आयोगासमोर हजर राहा, अन्यथा कारवाई. त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेच्या कलम 204 खाली मला नोटीस आली आहे. मी कोणाकडून एक पैसा घेतलेला नाही. मला अटक होईल का? आणि त्या बाईची गाडी सुटेल का?

उत्तर : सर, आधी नोटिशीचं बघू, कारण तिला तारीख आहे.

कलम 204 म्हणजे लोकसेवक असल्याची बतावणी करून त्या अधिकाराच्या नावाखाली काही करणं. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय दंड. गुन्हा दखलपात्र आहे आणि अजामीनपात्रही, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. साठी ओलांडलेल्या माणसाला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. तशी तरतूद अटक-जामिनाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(7) मध्ये आहे, पण ती तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांना लागू होते. 204 ची शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाते, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

दिलासा दुसरीकडे आहे. तुमची नोटीस याच संहितेच्या कलम 35(3) ची दिसते. ती मिळाल्यावर तुम्ही ठरल्या तारखेला हजर राहिलात आणि पुढेही सहकार्य करत राहिलात, तर त्या गुन्ह्यासाठी अटक करता येत नाही. करायचीच झाली तर पोलिसांना तशी कारणं लेखी नोंदवावी लागतात. नोटीस टाळलीत तर हे संरक्षण गेलंच म्हणून समजा. तरी हजर होण्यापूर्वी फौजदारी काम करणाऱ्या वकिलाला भेटा आणि सत्र न्यायालयात त्याच संहितेच्या कलम 482 खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा का, ते कागद बघून ठरवू द्या. माझं मत विचाराल तर करावा.

बचावात दम आहे का? आहे. या कलमात ‘आपण त्या पदावर नाही हे ठाऊक असूनही’ हा भाग सिद्ध करावा लागतो. संस्था सरकारमान्य आहे असं सांगून तुमच्याकडून पैसे घेतले गेले, त्याची पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश तुमच्याजवळ असतील. त्यातलं काहीही पुसू नका, कार्ड फाडू नका. मागितलं तर पंचनाम्यावर द्या आणि प्रत घ्या. पण तुमचं पत्र तुमच्या विरुद्ध बोलतं, हेही सांगितलं पाहिजे. ‘समन्स’, ‘आयोगासमोर’, ‘अन्यथा कारवाई’ हे तिन्ही शब्द सरकारी अधिकाऱ्याचे आहेत. अशोकस्तंभाचा प्रश्न वेगळा : 2005 च्या राजचिन्ह कायद्याखाली त्याच्या गैरवापराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आजपासून ते कार्ड कोणालाही दाखवू नका. पत्र मागे घ्यायचं असेल तर वकिलामार्फतच घ्या. घाईत लिहिलेला माफीनामा कबुलीजबाब म्हणून वाचला जातो.

मानवी हक्क संरक्षण कायदा 1993 चा. त्यात राष्ट्रीय आयोग आहे, राज्य आयोग आहे. शहराचा आयोग हा प्रकारच नाही. साक्षीदाराला बोलावणं, कागदपत्रं मागवणं हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कलम 13 ने फक्त या आयोगांना दिले आहेत. सोसायटी नोंदणी कायद्याखाली किंवा धर्मादाय कार्यालयात नोंदणी झाली म्हणजे संस्था अस्तित्वात आली, एवढंच. अशी नावं घेणाऱ्या संस्थांबद्दल राष्ट्रीय आयोगानेच राज्यांना सावध केलं आहे. संस्थेचा राजीनामा लेखी द्या, पैसे परत मागा. ‘सरकारमान्य’ असं खोटं सांगून पैसे घेतले असतील तर फसवणुकीची, म्हणजे न्याय संहितेच्या कलम 318 ची तक्रार तुम्हीही करू शकता. केलीत तर तुमच्या बचावालाही ती उपयोगी पडेल.

आता त्या बाईचं. सर, मला याचंच जास्त वाईट वाटतं, कारण तिचा हक्क भक्कम होता आणि त्याला कार्ड लागतच नव्हतं.

पथविक्रेता कायदा, 2014, कलम 19 : माल जप्त केला तर यादी करून, सही करून तिची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. मागणी केल्यावर आणि ठरलेलं शुल्क भरल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा माल कामकाजाच्या दोन दिवसांत परत द्यायचा असतो. तिने मागणी केली का? तुमच्या पत्रावरून दिसतं की कोणीच केली नाही. सगळी शक्ती समन्समध्ये गेली. संत्री तर गेलीच, पण गाडी आणि काटा अजून अडकलेले असतील. उद्याच तिच्या नावाने साधा अर्ज द्या : अमुक तारखेला, अमुक जागेवरून हातगाडी, वजनकाटा आणि अंदाजे इतके किलो संत्री नेली, यादी दिली नाही, कलम 19 प्रमाणे माल परत मिळावा. महापालिकेच्या आवक-जावक विभागात देऊन पोच घ्या. शिक्का नसलेल्या प्रतीला काही अर्थ नाही.

तिच्याजवळ विक्री प्रमाणपत्र किंवा पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या योजनेतल्या कर्जाचं पत्र असेल तर जोडा. त्याच कायद्याचं कलम 3(3) म्हणतं की पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत पथविक्रेत्याला हटवता येत नाही. त्यामुळे तिचं सर्वेक्षण झालं होतं का, हे विचारून घ्या.

अर्ज लिहायला आणि पुढे वकील द्यायला सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला असल्यामुळे तिला मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. तिथेच विधी स्वयंसेवकही असतात. या स्वयंसेवकांच्या योजनेत निवृत्त शिक्षकांचा उल्लेख नावानिशी आहे, आणि तुमच्यासारखी माणसं तिथे खरोखर हवी आहेत. तुमचं प्रकरण मिटलं की जरूर जा.

गाडी तरीही सुटली नाही, किंवा सडलेल्या संत्र्यांची भरपाई हवी असेल, तर मुंबईच्या महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करा. फी नाही, वकील सक्तीचा नाही, पोस्टाने पाठवता येते. पीडित व्यक्तीच्या वतीने दुसरं कोणीही तक्रार देऊ शकतं, म्हणजे तुम्हीही, कार्डाशिवाय. मुदत घटनेपासून एक वर्ष. आयोग हुकूम देत नाही, शासनाला शिफारस करतो. नुकसानभरपाईची शिफारसही करतो. आणि तुमच्या समन्सचं प्रकरण तक्रारीत स्वतःहून दोन ओळींत सांगा. ते वेगळं प्रकरण आहे, त्यामुळे तिची तक्रार अडणार नाही. मात्र लपवलेलं नंतर उघड झालं तर तिच्याच म्हणण्यावरचा विश्वास कमी होईल.