क्लब बदलले, गोल करायची रीत तीच

प्रश्न : इंग्लंडचा फुटबॉलपटू जर्मेन डेफो सारखा क्लब बदलत राहिला. अशा स्ट्रायकरला मोठा मानायचं का? कुठल्या क्लबकडून किती गोल केले?
– एक वाचक, परळ

उत्तर : नक्कीच मानायचं. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, त्याचे १६२ गोल आहेत : टॉटनहॅम ९१, संडरलंड ३४, वेस्ट हॅम १८, पोर्ट्समथ १५ आणि बोर्नमथ ४. वेस्ट हॅमने २०००-०१ मध्ये त्याला उसनवारीवर बोर्नमथला धाडलं, तेव्हा तो क्लब तिसऱ्या श्रेणीत होता. तिथे या पोराने लागोपाठ १० लीग सामन्यांत गोल केले. २००३ मध्ये वेस्ट हॅम खालच्या श्रेणीत घसरला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये डेफो टॉटनहॅमला गेला. जानेवारी २००८ मध्ये पोर्ट्समथ, वर्षभरात पुन्हा टॉटनहॅम. २०१४ मध्ये कॅनडातला टोरांटो, २०१५ मध्ये संडरलंड, २०१७ मध्ये परत बोर्नमथ, मग स्कॉटलंडचा रेंजर्स. २०२०-२१ ची स्कॉटिश लीग त्याने तिथेच जिंकली. २०२२ मध्ये संडरलंडला थोडे दिवस खेळून तो थांबला.

२२ नोव्हेंबर २००९ रोजी टॉटनहॅमने विगनला ९-१ असं हरवलं, त्यात त्याने एकट्याने ५ गोल मारले, तेही सगळे हाफटाइमनंतर. लोकांना तोच सामना आठवतो. आम्ही मात्र संडरलंडचा २०१६-१७ चा हंगाम वर ठेवतो. संघ तळाला, अख्ख्या हंगामात २९ गोल, त्यातले १५ चौतिशीतल्या डेफोचे. बॉल क्वचितच पुढे येत असताना ही कामगिरी फार अवघड. पुढे बोर्नमथला त्याला सामने कमी मिळाले, त्यात घोटाही दुखावला. म्हणून तिथे फक्त ४.

प्रश्न : २००८ चा एफए कप (इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा) पोर्ट्समथने जिंकला. फायनलला डेफो जखमी होता का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : नाही. त्याच हंगामात तो टॉटनहॅमकडून या कपात खेळून आला होता आणि एका हंगामात दोन क्लबांकडून हा कप खेळता येत नसे. लीगला तो नियम लागू नव्हता, म्हणून तिथे तो खेळत होता. कार्डिफविरुद्धचा एकमेव गोल कानूचा.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, चणीने लहान. बॉक्समध्ये डिफेंडर त्याला ढकलून बॉल काढून घेतात. स्ट्रायकरच राहायचं म्हणतो. डेफोकडून काय शिकावं?
– एक पालक, माटुंगा

उत्तर : डेफोसुद्धा जेमतेम पाच फूट सात इंच. धक्काबुक्की होण्याआधीच शॉट मारून मोकळं व्हायचं, ही त्याची रीत. पास येण्यापूर्वी खांद्यावरून मागे बघायचं. गोलकडे पूर्ण पाठ न करता अर्धवट वळून उभं राहायचं. पहिला टच डिफेंडरपासून लांब, स्वतःच्या पुढे एक-दीड पाऊल. दुसऱ्या टचला शॉट, पाय मागे फार न नेता, जमिनीलगत, लांबच्या खांबाकडे. गोलकीपरचे पाय स्थिर व्हायच्या आत बॉल निघतो आणि डिफेंडरच्या पायांआडून येत असल्याने त्याला उशिरा दिसतो.

सरावाला गोलपासून १५ मीटरवर उभं करा. कुणीतरी बाजूने पास द्यावा. दोनच टच, प्रत्येक पायाने २०-२० शॉट. डावा पाय टाळू देऊ नका. बॉल पायाखाली अडकला तर पहिला टच फार मऊ झाला. वरून गेला तर शरीर मागे कललं. डिफेंडरने अडवला तर पाय फार मागे गेला.

पावसाळ्यात एक लक्षात ठेवा : आझाद मैदानासारख्या मातीच्या मैदानावर चिखलात बॉल थबकतो, तिथे पहिला टच जरा जोरात हवा. कूपरेजच्या ओल्या टर्फवर तोच बॉल घसरत पुढे पळतो, तिथे टच हलका. दोन्हीकडे सराव होऊ द्या, आणि तूर्त त्याला विंगवर हलवू नका.