सतारीच्या रचनेला ‘चाल’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे: एखादा सतारवादक स्वतःच्या वादनासाठी नवी रचना करतो, तेव्हा त्याने ‘चाल लावली’ असे म्हणावे, ‘बंदिश केली’ म्हणावे, की हल्ली छापून येते तसे ‘धून संगीतबद्ध केली’ म्हणावे?

‘चाल लावणे’ येथे चालणार नाही, कारण ‘लावणे’ या क्रियापदाला आधीपासून असलेली वस्तू लागते. कविता असते, तिला चाल लावतात. जुन्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून ज्या चिजेवरून (रागदारी गायनातल्या गीतावरून) वा पदावरून ती घेतली तिचे आरंभीचे शब्द दिलेले असत, म्हणजे तेथेही चालीची ओळख शब्दांवरूनच पटत असे. गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित हार्मोनियमवादक होते, तरी १९११ साली ‘मानापमान’ या संगीत नाटकासाठी त्यांनी जे केले त्याला आपण चाली देणेच म्हणतो, कारण खाडिलकरांची पदे त्यांच्यापुढे होती. ‘संगीतबद्ध करणे’ या प्रयोगाचीही हीच अट आहे. गीत संगीतात बांधता येते, पण धून मुळातच संगीत असल्यामुळे ‘संगीतबद्ध केलेली धून’ ही मला सरळ चूक वाटते. ‘धून रचली’ किंवा ‘धून बांधली’ म्हणावे.

सतारीच्या रचनेसाठी वादकांच्या तोंडी असलेला शब्द आहे ‘गत’, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ‘गत’ हा शब्द ‘गति’वरून आला आणि ‘चाल’ हा ‘चल्’ धातूवरून. दोन्हींच्या मुळाशी पुढे जाणेच आहे, पण चाल शब्दांच्या आधाराने पुढे जाते आणि गत हाताच्या आघातांनी. (‘त्याचीही तीच गत झाली’ यातली ‘गत’ म्हणजे दशा, हा त्याच ‘गति’चा दुसरा अर्थ.) तर्जनीवरच्या नखीने तार आत ओढली की ‘दा’, बाहेर ढकलली की ‘रा’, आणि एका मात्रेत दोन्ही झटपट आले की ‘दिर’. मी सतार शिकू लागलो तेव्हा पहिले काही आठवडे नखी बोटात चढवण्याआधी हाताने ताल धरून हे बोल तोंडाने म्हणावे लागत. मसीतखानी, म्हणजे विलंबित लयीतल्या, गतीचा सांगाडा पाहावा: सोळा मात्रांच्या तीनतालाच्या बाराव्या मात्रेवर ‘दिर’, मग ‘दा दिर दा रा’, आणि समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, ‘दा दा रा’. मुखड्याच्या, म्हणजे समेआधीच्या, या पाच मात्रा समेकडे कशा झेपावतात ते बोल नुसते म्हणूनही कळते. एकही स्वर ठरलेला नसताना रचनेचा अर्धा भाग येथे उभा राहिलेला असतो. यमन रागातली नवी गत करणारा वादक पुष्कळदा याच साच्यात स्वर भरत जातो, कोठे मींड घ्यायची (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकायचे) आणि कोठे आघात मोकळा ठेवायचा ते ठरवतो, आणि जमले की ‘गत बांधली’ असे म्हणतो. द्रुत लयीतल्या रझाखानी गतीचे बोल वेगळे, पण आघातांतून रचना घडवण्याची रीत हीच.

‘बांधणे’ हे क्रियापद येथे अगदी योग्य आहे, आणि ‘बंदिश’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थही बांधणी असाच आहे. त्यामुळे गतीला कोणी बंदिश म्हटले तर ते अशुद्ध ठरणार नाही. तरीही मराठीत ‘बंदिश’ म्हटले की प्रथम गायकाची चीज आठवते, म्हणून जेथे वादक खरोखर चीजच वाजवतो तेथे तो शब्द राखून ठेवावा, असे माझे मत आहे. गजाननबुवा जोशी गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. गायकी अंगाने व्हायोलिन वाजवताना गजावर चीज उमटते, तेव्हा ‘बंदिश वाजवली’ हेच बरोबर. बासरीवादक मात्र, वाद्यात नखीचा आघात नसूनही, सर्रास ‘गत’ म्हणतात. तो रूढ प्रयोग मान्य करावा.

‘धून’ याहून हलकी. पहाडी किंवा मिश्र खमाजासारख्या रागाच्या छायेत ती मोकळेपणाने फिरते, रागाची शिस्त काटेकोरपणे पाळत नाही, आणि मैफिलीच्या शेवटी बहुधा वाजते. विस्ताराने मांडलेल्या रागातल्या रचनेला धून म्हटले तर वादकाला ते खटकेल.

राहिला प्रश्न अनेक वाद्यांच्या मेळाचा. तेथे ‘रचना’ हा व्यापक शब्द बरा, आणि कामाचे दोन टप्पे दाखवायला मराठीत दोन क्रियापदे तयार आहेत: एकट्याने बसून केली ती ‘रचली’, आणि वादकांकडून तालमीत पक्की करून घेतली ती ‘बसवली’. तेव्हा मूळ प्रश्नातले वाक्य मी असे लिहीन: ‘त्यांनी यमनात नवी गत बांधली आणि पुढे तीच वाद्यवृंदासाठी बसवली.’