पॅव्हिलियनला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न रत्नागिरीच्या एका वास्तुकला-विद्यार्थिनीचा आहे: "बांबू आणि कारवीचा एक तात्पुरता पॅव्हिलियन आम्ही करतोय. फलकावर मराठीत काय लिहू? सर 'प्रदर्शन दालन' म्हणतात, मैत्रीण 'मांडणशिल्प' (इन्स्टॉलेशन) म्हणते."

दालन तर मुळीच नको. हल्ली प्रत्येक निमंत्रणपत्रिकेत हा शब्द कोंबलेला असतो आणि दर वेळी डोक्यात जातो. दालनाला भिंती लागतात. चारी बाजूंनी वारा खेळणाऱ्या, पावसाआधी उतरवायच्या रचनेला आपल्याकडे मांडव म्हणतात. क्रिकेटच्या पॅव्हिलियनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तो सोडतो. 'पॅव्हिलियन'चं मूळ लॅटिन 'पापिलिओ', म्हणजे फुलपाखरू. पंख पसरल्यासारखा तंबू दिसतो म्हणून. सुरेखच आहे, पण आपल्या शब्दाचा गोतावळा त्याहून सुरेख आहे.

मांडव आला संस्कृत 'मंडप'वरून. 'मंड पितो तो मंडप' असं अजूनही काही विद्वान सांगतात. मंड म्हणजे भाताची निवळ. व्याकरणकारांनी ही फोड दिली ती शब्दाची फोड एक सांगते आणि रूढ अर्थ भलताच असतो, हे दाखवण्यासाठी. तिलाच व्युत्पत्ती म्हणून खपवणं म्हणजे ग्रंथ अर्धवट वाचणं. मी 'मण्ड्' म्हणजे सजवणे या धातूच्या बाजूचा. आपलं 'मांडणे' त्यातूनच आलं. म्हणजे मैत्रिणीचं मांडणशिल्प आणि माझा मांडव ही भावंडंच झाली.

आता खरी गंमत. लहान मंडप ती मंडपिका. जुन्या कोरीव लेखांत मंडपिका म्हणजे जकात घ्यायची जागा. बंदरावरची 'मांडवी' तिच्यातून आली. तुमच्या रत्नागिरीची मांडवीसुद्धा. तिथून खाली सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे उतरा, मांडवाचा 'माटव' होतो आणि गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती 'माटवी'; गोव्यात माटोळी. 'ड'चा 'ट' का झाला? "बोलीतला उच्चारभेद" एवढं म्हणून हात झटकणाऱ्यांशी माझं भांडण आहे. कन्नडात मंडपाला 'मंटप' म्हणतात. दक्षिण कोकणचा कानडी मुलखाशी शतकानुशतकांचा संबंध. हा 'ट' तिकडूनच आला, असं माझं ठाम मत आहे. म्हणजे जकातीची मांडवी आणि गणपतीची माटवी या सख्ख्या बहिणी!

माटवी एकदा नीट बघाच. वाशांना टांगलेली लाकडी चौकट, तिला बांधलेली लालबुंद कवंडळं, हरणाची फुलं, शेरवडाची पांढरी पानं, सुपारीचे घड, असोला नारळ. पाच-सात दिवसांनी सगळं उतरवायचं. छत आहे, सजावट आहे, रानातल्या फळाफुलांची मांडणी आहे. वास्तू कुठे संपली आणि मांडणशिल्प कुठे सुरू झालं, ते दाखवा मला!

'स्टुडिओ मुंबई'चे वास्तुकार बिजॉय जैन यांनी 2016 साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला 'एमपॅव्हिलियन' नावाचा पॅव्हिलियन केला. बांबूचा सांगाडा, वर कारवीच्या काठ्यांचं छत. आपल्याकडे कुडाच्या भिंतीला वापरतात तीच कारवी. त्याला 'दालन' म्हणायची कुणाची छाती आहे?

तेव्हा फलकावर 'मांडव' लिहा. आणि 'मांडवाची निर्मिती केली' असलं काही नको. मांडव घालतात.