एप्रिलमध्ये थंडी संपल्यावरही हिमस्खलनाची भीती असते का?

तुम्ही विचारलंय की, आर्वीकडचे आम्ही चौघं मित्र एप्रिलच्या शेवटी हिमाचलात बर्फातल्या ट्रेकला निघालोय, तेव्हा थंडी ओसरलेली असते, मग बर्फ कोसळायची भीती कशाला? भीती असते, आणि ती चांगल्या उघडिपीच्या दिवशीही असते. मी बुलडाणा जिल्ह्यातला. फौजेत असताना पाच हिवाळे काश्मीरच्या उंच भागात काढले, आता घरची कपाशी आणि तूर बघतो.

जानेवारीत नवा बर्फ भराभर साचतो आणि त्याच्या वजनानं थर सुटतो. एप्रिलमध्ये नवा बर्फ पडावाच लागत नाही. उन्हानं वरचा बर्फ वितळतो, पाणी आत झिरपतं आणि कणाकणांची पकड सुटते. आपल्याकडं मातीची भिंत झडीचे पहिले दिवस टिकून राहते, पण ओल बुडाशी पोचली की एकाएकी बसते. तसंच ते.

म्हणून तिथं सकाळी उठल्यावर आधी बघायचं, की रात्र कशी गेली. आभाळ निरभ्र असेल तर जमिनीची ऊब वर निघून जाते, बर्फ गोठून टणक होतो आणि सकाळचे काही तास बरे मिळतात. रात्रभर ढग असतील तर तो गोठतच नाही, मग उजाडल्यापासूनच धोका. हरभऱ्याच्या वावरात जागल केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. चांदणं स्वच्छ असलं की हुडहुडी भरते, आभाळ आलं की उबारा वाटतो.

आमचे उस्ताद पहाटे तीनला तंबूबाहेर जाऊन बर्फावर बूट आपटायचे. ठसा उमटला नाही तर निघायचं. एकदा बूट घोट्यापर्यंत रुतला आणि त्यांनी गस्त रद्द केली. आम्ही पोरं चिडलो होतो. त्याच दुपारी आमच्या वाटेवरच्या नाल्यात अख्खा उतार खाली आला. दुसऱ्या पहाटे त्यावरून गेलो तर बेलचा मारला तरी शिरत नव्हता, इतका तो ओला बर्फ थांबल्यावर घट्ट झालेला. माणूस त्याखाली गेला तर सोबत्यांनी लगेच काढलं तरच आशा. साधारण पहिल्या 15 मिनिटांत काढलेले बहुतेक जगतात, नंतर आशा फार झपाट्यानं घटते. खालून मदत येईपर्यंत तेवढा वेळ नसतो. म्हणून प्रत्येकाजवळ बीकन (गाडलेल्या माणसाचा ठिकाणा सांगणारं संदेश-यंत्र), प्रोब काठी (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि बेलचा हवा, आणि ते वापरायचा सराव घरूनच करून जा.

सिक्कीममध्ये 4 एप्रिल 2023 ला नथुला रस्त्यावर हिमस्खलनात 7 पर्यटक गेले. वेळ भरदुपारची होती. ते काही कुठला कडा चढत नव्हते. उताराच्या खाली उभं राहणंही तेवढंच धोक्याचं असतं, हे मनात पक्कं ठेवा.

बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतात. फार उभ्या कड्यावर बर्फ साचून राहत नाही, सपाटीवर तो सरकत नाही. ऊन आधी पूर्वेच्या उतारावर लागतं, मग दक्षिणेच्या, शेवटी पश्चिमेच्या, धोकाही त्याच क्रमानं फिरतो. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळताना दिसले, पाय गुडघ्यापर्यंत जायला लागला, पायाखाली धप्प असा दबका आवाज झाला किंवा भेग पळत गेली, तर तिथून मागं फिरायचं. बर्फावर पाऊस पडला तर त्या दिवशी निघूच नका. ओलांडावाच लागला तर नाला एकेकानं ओलांडा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची.

डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, निघण्याच्या आदल्या दिवशी ते बघा. आणि ट्रेकवाल्यांना पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी विचारा: बर्फाचा टप्पा किती वाजेपर्यंत पार करता, आणि रात्री बर्फ गोठला नाही तर तिथूनच परत फिरता का?